माननीय काकूंचा दौरा कार्यक्रम

धबधबा कसा होता असं मी बडेबाबूंना विचारलं, तर ते म्हणाले, "सात मिनिटं उशीर."

बस्तरमधला तो धबधबा पाहायला लोक कुठून कुठून येतात. बडेबाबू एका मंत्र्यांच्या दौऱ्यासोबत सरकारी गाडीतून गेले, अर्धा तास काठावर उभे राहिले आणि परत येऊन एवढंच बोलले. मंत्री पाण्याकडे पाहत होते आणि बडेबाबू आळीपाळीनं मंत्र्यांकडे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे. पाणी पडत असल्याचं मात्र त्यांच्या कानावर आलं असावं, कारण थोड्या वेळानं त्यांनी पुस्ती जोडली, "आवाज फार होता. प्रस्थानाची सूचना दोनदा द्यावी लागली."

बडेबाबू म्हणजे आमच्या शाखेचे हेडक्लार्क. मंत्र्यांचे आणि बड्या पाहुण्यांचे दौरा कार्यक्रम तयार करणं हे त्यांचं काम. आधी भोपाळला आणि नवं राज्य झाल्यावर रायपूरला. म्हणजे कोण किती वाजता कुठून निघणार, कुठं पोचणार, कुठं हार, कुठं चहा, हे सगळं एका कागदावर मिनिटांसकट टाइप करायचं आणि त्याच्या प्रती संबंधितांना धाडायच्या. राजधानी झाल्याबरोबर आमच्या गावात रस्त्यांपेक्षा माननीय जास्त झाले. दर आठवड्याला नवं मंडळ, नवा आयोग, त्याला नवा अध्यक्ष आणि त्या अध्यक्षाला दौऱ्याची हौस. बडेबाबूंचा टाइपरायटर थंड होत नसे. मी त्याच शाखेत सर्वांत खालचा कारकून, गोंदियाहून आलेला आणि त्यांच्याच तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा. ऑफिसात त्यांच्या हाताखाली आणि घरी त्यांच्या डोक्यावर, असं ते सगळ्यांना सांगत. त्यांचा हा एकच विनोद होता आणि तो ते ठरलेल्या वेळी करत.

निवृत्त झाल्यावर ऑफिसनं भंगारात काढलेला टाइपरायटर त्यांनी लिलावात घेतला आणि घरी आणला. तेव्हापासून घराचे हाल सुरू झाले. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवलेला असे. ७.१० प्रस्थान, गोलबाजार. ७.२५ भाजी अवलोकन. ७.४० वापसी. ७.४० ते ७.५५ आरक्षित. हे 'आरक्षित' म्हणजे काय, असं मी एकदा काकूंना विचारलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "त्या वेळात ते खुर्चीवर बसून पुढची वेळ व्हायची वाट पाहून राहतात."

मुलाच्या लग्नात त्यांनी गुरुजींच्या हातात असाच कागद ठेवला होता. मुहूर्त पंचांगात एक आणि कागदावर त्याच्या चार मिनिटं आधी, कारण चार मिनिटं 'वराच्या संभाव्य विलंबासाठी' राखून ठेवलेली. गुरुजी भडकले. वर भिलाईच्या कारखान्यात नोकरीला, कधी नव्हे ते वेळेवर आला आणि अंतरपाटापाशी चार मिनिटं नुसता उभा राहिला. बडेबाबूंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "माणूस उशिरा येऊ शकतो," ते म्हणत, "कार्यक्रम उशिरा येत नाही."

मला त्यांचा राग यायचा, हे कबूल करतो. पण त्यांच्या कागदात कधी चूक सापडली नाही, आणि रागावलेल्या माणसाला चूक न सापडणं हा मोठा छळ असतो.

काकू अगदी वेगळ्या मुशीतल्या. त्यांचे वडील भंडाऱ्याकडच्या जंगलात नाकेदार होते, म्हणजे जंगलखात्याचे राखणदार. काकूंचं बालपण नाक्यावरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात गेलं. दारासमोर तळं, आणि दिवस कलला की चितळं तिथं पाण्यावर येत. या गोष्टी त्या मला गच्चीवर पापड वाळत घालताना सांगत. लग्न झालं आणि त्या भोपाळच्या सरकारी वसाहतीत गेल्या, तिथून तात्यापाऱ्यात आल्या, आणि चाळीस वर्षांत एक चितळ त्यांच्या नजरेला पडलं नाही. नवरा मात्र महिन्यातून दोनदा कुठल्या ना कुठल्या अभयारण्यात जाऊन येत होता. काय पाहिलं विचारलं की विश्रामगृहातल्या चहाची वेळ सांगत होता.

एकदा काकूंना शंकर नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. बडेबाबूंचा तो वेळ 'आरक्षित' होता, म्हणून मी स्कूटरवर घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यानं काकूंना समोर बसवून सांगितलं, काचबिंदू आहे, कडेचं दिसणं गेलेलंच आहे, औषधानं मधलं जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकवू. त्यापलीकडे त्यानं वचन दिलं नाही. परतताना घराच्या अलीकडच्या वळणावर काकूंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, ते नव्या राजधानीच्या रस्त्यावर नवीन जंगल उघडलं म्हणते, तिथं चितळ आहेत काय?"

"आहेत म्हणतात."

"मले एकदा पाहाचे आहेत. दिसून राहिलं आहे तोवर." मग म्हणाल्या, "अन् त्यायले डोळ्याचं सांगू नको. त्याचाही कार्यक्रम टाइप करतीन. अमुक तारखेले उजवा बंद, तमुक तारखेले डावा."

मी हसलो. हसायला नको होतं, पण त्या स्वतःच हसत होत्या.

त्या दिवशी जेवताना त्यांनी नवऱ्यापुढे विषय काढला. सगळ्यांनी मिळून एक दिवस त्या निसर्ग उद्यानात जाऊ, मुलगा, सून आणि नातवालाही भिलाईहून बोलावू. बडेबाबूंनी घास तसाच हातात ठेवला. "विषय चांगला आहे," ते म्हणाले, "प्रस्ताव तयार करतो."

दोन महिने प्रस्ताव तयार होत होता. पहिला मसुदा रद्द झाला, कारण मुलाची कारखान्यातली पाळी बदलली. रद्द झाल्याचा रीतसर आदेश निघाला आणि मला त्याची प्रत मिळाली. दुसरा मसुदा सुनेच्या माहेरच्या बारशामुळे स्थगित. तिसऱ्या मसुद्यात त्यांना असं आढळलं की पुरी-भाजी खाण्यास दिलेली अठरा मिनिटं नातवासाठी अपुरी आहेत. नातू आठ वर्षांचा, मराठी समजतं पण बोलतो हिंदी. त्याची फोनवर चौकशी झाली. "एक पुरीला किती वेळ लागतो तुले?" या प्रश्नावर त्यानं "दादाजी, पता नहीं" असं उत्तर दिलं, आणि ते उत्तर 'अनिश्चित' म्हणून नोंदवलं गेलं. इकडे काकू सुईत दोरा ओवायला मला खाली बोलावू लागल्या होत्या. मी दर वेळी ठरवायचो की आता बडेबाबूंना सांगून टाकावं, आणि दर वेळी काकू माझ्याकडे अशा पाहायच्या की मी सुई देऊन वर निघून जायचो.

चौथा मसुदा मात्र अंतिम झाला. एका पाकिटात घालून त्यांनी तो माझ्या हाती दिला. मंत्रालय तोवर शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलं होतं आणि माझी बस त्या उद्यानावरूनच जायची. "जाता जाता तिथल्या प्रभारींना देऊन टाक," ते म्हणाले, "माहितीसाठी. तुले धरून एकदम सहा माणसं गेली तर त्यांची गैरसोय नको." मी ते पाकीट न उघडता तिथल्या खिडकीत दिलं. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे तो इथं.

त्या कागदाचं असं होतं. दौरा कार्यक्रमाच्या नमुन्यात वर एक नाव लागतं, ज्याचा दौरा त्याचं. बडेबाबूंनी आयुष्यात तिथं स्वतःचं नाव कधी घातलं नव्हतं. कार्यक्रम करणारा दौऱ्यावर नसतो, अशी त्यांची श्रद्धा. मग विषय ज्यांनी काढला त्यांचं नाव त्यांनी घातलं. नमुन्यात नावाआधी 'माननीया' असतंच, ते त्यांची बोटं आपोआप टाइप करून गेली. खाली शुद्ध सरकारी हिंदीत, 'प्रतिलिपि: सूचनार्थ एवं आवश्यक कार्यवाही हेतु.' पद कुठलंच लिहिलेलं नव्हतं. आणि आमच्या राजधानीत तेव्हा अशी हवा होती की एखाद्या माननीयांचं पद माहीत नसेल तर विचारायचं नसे. काल कुणीतरी विचारलं आणि आज त्याची दूर जंगलातल्या सुकम्याला बदली, अशा कथा प्रत्येक ऑफिसात सांगितल्या जात. त्यातून कागद इतका बिनचूक की खोटा असण्याची शंकाच कुणाला येऊ नये.

ठरल्या दिवशी आठ वाजता आमची भाड्याची गाडी तात्यापाऱ्यातून निघाली. आठ म्हणजे आठ. सुनेची वेणी अर्धी राहिली होती, मुलाच्या बुटाची नाडी सुटलेली होती, आणि मी पुरीच्या डब्याचं झाकण शोधत होतो ते शेवटपर्यंत सापडलं नाही. काकूंनी हिरवी नारायणपेठी नेसली होती. बडेबाबू पुढे ड्रायव्हरशेजारी, पांढऱ्या सफारीत. नव्या राजधानीचा रस्ता म्हणजे विमान उतरावं इतका रुंद, आणि त्यावर आम्ही आणि दोन गाई.

उद्यानाच्या फाटकापाशी गाडी थांबली आणि मला वाटलं आपण कुणाच्या तरी लग्नात शिरलो. लाल गालिचा. दोन्ही बाजूंना वर्दीतले रक्षक. पुढे गुच्छ घेतलेले प्रभारी साहेब. आणि एका दोरखंडाच्या पलीकडे, डबे आणि पोरंबाळं घेऊन उन्हात अडवलेली पंचवीस-तीस साधी माणसं, जी आमच्याकडे अशा नजरेनं पाहत होती ज्या नजरेनं मी आयुष्यभर माननीयांकडे पाहत आलो.

"माननीया का स्वागत है!" प्रभारी म्हणाले आणि गुच्छ काकूंच्या हातात देऊन गळ्यात हार घातला.

"हे काय होऊन राहिलं?" काकू पुटपुटल्या.

मी बडेबाबूंकडे पाहिलं. त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं होतं, यात मला शंका नाही. एक वाक्य बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. पण त्यांनी घड्याळ पाहिलं, आठ पन्नास, कागदातही आठ पन्नास, आणि त्यांच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. "हात जोडा," ते काकूंना हळूच म्हणाले, "अन् चाला." मीही गप्प बसलो. लाल गालिच्यावरून चालायला मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग चाळीस वर्षं त्यांनी इतरांसाठी जे केलं ते काकूंच्या वाट्याला आलं. बंद काचांच्या गार गाडीत त्यांना पहिल्या खिडकीशी बसवलं. प्रभारी खिडकीसमोर उभे राहिले आणि किती रोपं लावली, किती जगली, किती जगणार आहेत हे सांगू लागले. ९.२५ ते ९.३५ मृग दर्शन. गाडी तळ्यापाशी थांबली. पुढे मोटारसायकलवर गेलेल्या रक्षकांनी माननीयांसाठी रस्ता मोकळा करायला इतक्या शिट्ट्या फुंकल्या होत्या की चितळं झाडीत पळून गेली होती. काकू मान वाकडी करकरून प्रभारींच्या कोपराखालून पाहत होत्या.

"कुठी आहेत?" त्यांनी विचारलं.

"मैडम, यहीं हैं," प्रभारी म्हणाले, "बहुत हैं." आणि घड्याळ पाहून, "समय हो गया, मैडम. चलें?"

बडेबाबूंनी समाधानानं मान डोलावली. प्रभारी त्यांच्याहून पक्के निघाले होते.

त्यानंतर वृक्षारोपण. हे आमच्या कागदात नव्हतं, प्रभारींनी उत्साहानं घातलेलं. खड्डा तयार, रोप तयार, काकूंच्या नावाची पाटीसुद्धा तयार. मग विश्रामगृहाच्या हिरवळीवर खुर्च्या, काजू, चहा आणि माइक. प्रभारींनी हात जोडून विनंती केली की माननीयांनी दोन शब्द बोलावेत.

काकू उठल्या. सून पदर तोंडाला लावून बसली. काकूंनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि बाजारात भाजीवाल्याशी बोलतात त्या हिंदीत त्या बोलल्या.

"मेरे को चीतल देखना था. इसके वास्ते आई. दिखे नहीं. आप लोग सामने खड़े थे."

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. प्रभारी घाईनं पुढे आले. "मैडम, अगली बार पक्का. आज का कार्यक्रम तो..." आणि त्यांनी बडेबाबूंकडे पाहिलं. बडेबाबू उठून काकूंपाशी गेले.

"दहा दहाला प्रस्थान आहे," ते म्हणाले, "बरोबर सांगून राहिले ते. पुढच्या वेळी पाहू."

"पुढच्या वेळी मले दिसन काय?"

"काहून नाही दिसणार?"

"डोळे जाऊन राहिले माझे," काकू म्हणाल्या. माइक अजून त्यांच्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्या हिरवळीनं ऐकलं. "डॉक्टर म्हणे, जेवढे दिवस आहेत तेवढे आहेत. या भाऊले विचारा."

बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ते घड्याळाकडे पाहत होते, आणि मला त्यांचा इतका संताप आला की हातातला चहाचा कप फेकून मारावासा वाटला. पण ते वेळ पाहत नव्हते. नुसते तिकडे पाहत होते, दुसरीकडे कुठं पाहायचं ते त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी सफारीचं वरचं बटण लावलं, प्रभारींसमोर गेले आणि ऑफिसात उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले.

"महोदय, यह दौरा शासकीय नहीं है. यह मेरी पत्नी हैं. मैं सेवानिवृत्त बाबू हूँ. कागज मैंने टाइप किया था."

प्रभारींना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते ओरडले नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. बहुधा ओरडल्यावर बाई खरंच कुणीतरी निघाल्या तर काय, ही धास्ती शिल्लक असावी. त्यांनी एका रक्षकाला खूण केली. काजूची बशी उचलली गेली. गार गाडी निघून गेली. काकूंच्या नावाची पाटी उपटली, रोप मात्र राहू दिलं. फाटकावरचा दोरखंड सुटला आणि ताटकळलेली माणसं आमच्याकडे पाहून हसत आत आली. बडेबाबू खिडकीपाशी रांगेत उभे राहिले आणि त्यांनी सहा तिकिटं काढली. त्यांना रांगेत उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही चालत तळ्यापाशी गेलो. तिथल्या म्हाताऱ्या रक्षकाला काकूंनी विचारलं, चितळ इथंच येतात काय? "हव दाई," तो तिथल्या बोलीत म्हणाला, "इहें आथें, पानी पिये बर. चुप बैठव."

काकू गवतावर बसल्या. आम्ही त्यांच्या मागे. बडेबाबू थोडा वेळ उभेच राहिले. इथं किती वाजेपर्यंत बसायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग पांढऱ्या सफारीसकट मातीत बसले. नातवानं "कब आएँगे?" म्हणून विचारलं, तर "माहीत नाही" असं उत्तर त्यांनी दिलं. पुऱ्या थंड झाल्या. ऊन चढलं.

मग झाडीतून एक मादी आली. तिच्यामागे पाडस. मग एकदम सात-आठ. काकूंनी मान हळूहळू फिरवत, उरलेल्या त्या मधल्या नजरेत एकेकाला आणलं. त्या रडत होत्या आणि पुसत नव्हत्या, पुसायला हात नेला तर तेवढा वेळ दिसलं नसतं. बडेबाबू चितळांकडे पाहत नव्हते. ते काकूंकडे पाहत होते. पुष्कळ वेळानं त्यांनी खिशातून तो कार्यक्रमाचा कागद काढला, उलटा केला आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहू लागले. मला वाटलं, खोड जात नाही ती नाहीच. पण डोकावून पाहिलं तर कागदावर वेळ कुठंच नव्हती, 'एक मादी, मागे पाडस' एवढंच होतं.

त्यानंतर माझी बिलासपूरला बदली झाली. चार वर्षांनी एका कामासाठी रायपूरला आलो तेव्हा रविवार होता. तात्यापाऱ्यातल्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, दर रविवारी ते दोघं उद्यानात जातात. स्वयंपाकघराच्या दाराला कागद नव्हता, खिडकीतून दिसलं.

मी तिथं गेलो. तळ्याच्या काठी दोन घडीच्या खुर्च्या होत्या. काकूंच्या डोळ्यांना गडद चष्मा होता आणि माझा आवाज ओळखून त्यांनी हात पुढे केला, तो माझ्यापासून हातभर डावीकडे. मी त्यांच्या खुर्चीपाशी गवतावर बसलो. बडेबाबू माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते पुढे वाकून पाण्याकडे पाहत होते आणि हळू आवाजात सांगत होते.

"एक नर आला आहे. शिंगं मोठी. उजव्या शिंगाचं टोक तुटलं आहे. पाण्यापाशी थांबला. पीत नाही अजून. इकडे पाहून राहिला. कान हलवला."

"कोणता कान?" काकूंनी विचारलं.

बडेबाबू थांबले. डोळे बारीक केले आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"डावा," ते म्हणाले.